डिजिटल की ऑफसेट: दोन्हीकडे कलर जॉब करून घेतलेल्या गिऱ्हाइकाचा रिव्ह्यू

"५०० च्या आत डिजिटल, ५०० च्या वर ऑफसेट" हा जो छपाईच्या कॉप्यांबद्दलचा ठोकताळा सगळीकडे ऐकवला जातो ना, तो मला अर्धवट वाटतो. आकड्याला महत्त्व आहेच, पण तो दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा की छापून हातात आल्यावर त्या कागदाचं पुढे होणार काय? त्याला घडी पडणार का, त्यावर कोणी पेनाने लिहिणार का, तो परत लेझर प्रिंटरमधून जाणार का, आणि काही महिन्यांनी हुबेहूब तोच रंग पुन्हा लागणार का. याची उत्तरं आधी काढली तर निम्म्या वेळा निर्णय कोटेशन मागवायच्या आधीच होऊन जातो. मी बरीच वर्षं डिझाइन करतो आणि छापूनही घेतो, दोन्ही प्रकारच्या मशीनवर, त्यामुळे हा रिव्ह्यू कुठल्या एका प्रेसचा नसून दोन्ही पद्धतींचा आहे असं समजा.

ज्यांना फरकच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. ऑफसेटमध्ये तुमच्या फाइलचे चार रंग वेगळे काढतात, सायन (आकाशी), मॅजेंटा (गडद गुलाबी), यलो, ब्लॅक, प्रत्येकाची ॲल्युमिनियमची एक प्लेट निघते. प्लेटवर पाणी आणि शाई दोन्ही लागतं, जिथे चित्र आहे तिथे शाई धरते आणि बाकीच्या जागी पाणी तिला बसू देत नाही. मग ते चित्र प्लेटवरून रबरी ब्लँकेटवर आणि ब्लँकेटवरून कागदावर जातं, म्हणजे प्लेट कागदाला लागतच नाही. ही रबराची गोष्ट १९०४ च्या सुमारास अमेरिकेत आयरा रुबेलच्या लक्षात आली ती अपघातानेच असं सांगतात, कागद जायचा राहिला, चित्र दाब देणाऱ्या रबरी सिलिंडरवर उमटलं आणि पुढच्या कागदाच्या पाठीवर जे आलं ते पुढच्या बाजूपेक्षा सुबक निघालं. डिजिटलमध्ये प्लेट हा प्रकारच नाही, फाइल थेट मशीनला जाते आणि प्रत्येक कॉपीला चित्र नव्याने तयार होतं. १९९३ मध्ये इंडिगो कंपनीचं ई-प्रिंट १००० आणि झायकॉन कंपनीचं मशीन आलं तिथून कलर डिजिटल प्रेसचा जमाना सुरू झाला असं धरायला हरकत नाही. त्यातही दोन जाती आहेत, कोरड्या टोनरवाली (टोनर म्हणजे रंगाची बारीक पूड) आणि इंडिगोसारखी पातळ शाईवाली, आणि गंमत म्हणजे इंडिगोतही मधे ब्लँकेट असतोच. शिवाय आता मोठी इंकजेट मशीन्सही आहेत, पण आपल्यासारख्या साध्या गिऱ्हाइकाचा संबंध बहुतेक वेळा टोनरशीच येतो म्हणून मी पुढे डिजिटल म्हणेन तेव्हा तेच समजा, वेगळं असेल तिथे सांगतो.

पैशाचं गणित प्लेटपासूनच सुरू होतं. ऑफसेटला पहिली चांगली कॉपी निघायच्या आधीच खर्च झालेला असतो, प्लेटा, मशीन धुणं, रजिस्ट्रेशन जुळवणं (चारही रंग एकमेकांवर बरोबर बसवणं), रंग स्थिर होईपर्यंत रद्दीत जाणारे शीट, हे सगळं १०० कॉप्यांना जेवढं तेवढंच १०,००० ला. त्यानंतर मात्र प्रत्येक शीट म्हणजे कागद आणि जराशी शाई, बाकी काही नाही. डिजिटलला पहिली कॉपी आणि हजारावी कॉपी जवळपास एकाच भावात पडते, कारण बऱ्याच ठिकाणी प्रेसवाला स्वतःच मशीन कंपनीला क्लिकच्या हिशेबाने पैसे भरत असतो, एक इम्प्रेशन (शीटची एक बाजू छापणं) म्हणजे एक क्लिक, मग तो तुम्हाला सोडून सोडून किती सोडणार.

पण इथे लोक कॉप्या मोजतात आणि फसतात, मोजायचे असतात ते शीट. एका १३ बाय १९ इंची शीटवर २४ व्हिजिटिंग कार्डं बसली तर १००० कार्डं म्हणजे जेमतेम ४२ शीट, एवढ्यासाठी ऑफसेट मशीनवर तुमची एकट्याची प्लेट चढवायची म्हणजे सगळा खर्च सेटअपचाच. उलट १६ पानी ए४ पुस्तिकेच्या ५०० प्रती घ्या. ऐकायला आकडा कार्डांच्या निम्मा. डिजिटलवर एका पुस्तिकेला ए३ चे ४ शीट दोन्ही बाजूंनी, म्हणजे २००० शीट आणि ४००० इम्प्रेशन. तेच २८ बाय ४० इंची ऑफसेट मशीनवर एका शीटच्या दोन बाजूंना मिळून सगळी १६ पानं बसतात, ८ प्लेटा आणि ५०० शीट, वर वेस्टेज. आता सांगा मोठं काम कुठलं? म्हणून दोन्हीकडे भाव मागताना तुम्हाला हव्या त्या आकड्याबरोबर त्याच्या दुप्पट आणि निम्म्या आकड्याचाही भाव मागा, कुठल्या आकड्यापासून ऑफसेट डिजिटलपेक्षा स्वस्त पडतं ते लगेच दिसतं. कोणी प्रेसवाला यावर कुरकुर करत असेल तर करू दे.

आता रंग. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण वाद इथेच होतात.

ऑफसेटचा रंग चांगला असतो हे खरं, पण तो आपोआप चांगला येत नाही, मशीनवर उभा असलेला माणूस तो आणतो. कधी मशीनवर उभं राहून रंग पास केला नसेल तर एकदा जाऊन बघाच. शीटच्या शेवटच्या कडेला छोट्या छोट्या चौकोनांची एक पट्टी छापलेली असते, मशीनवाला थोड्या थोड्या वेळाने शीट ओढतो, त्या चौकोनांवर डेन्सिटोमीटर (शाई किती गडद बसली ते मोजणारं यंत्र) टेकवतो, आकडा बघतो आणि शाईच्या किल्ल्या कमीजास्त करतो. या किल्ल्या शीटच्या रुंदीत साधारण तीन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्यांत असतात, आणि एका पट्टीतली शाई वाढवली की त्या पट्टीत वरपासून खालपर्यंत जे काही आहे त्या सगळ्याला ती लागते. म्हणजे समजा तुमच्या शीटवर वर एक भडक लाल पट्टा आहे आणि बरोबर त्याच रांगेत खाली एका बाईचा चेहरा आहे, लाल अजून खुलवा म्हणालात तर मॅजेंटा वाढणार आणि त्या बाईचे गाल उन्हात भाजल्यासारखे होणार. चेहरा सांभाळा म्हणालात तर लाल विटकरी. हे डिझाइन करताना कोणालाच सुचत नाही कारण स्क्रीनवर पानं एकेक दिसतात, शीटवर ती कुठे कोणाच्या डोक्यावर बसणार आहेत ते प्रेसमधला माणूस ठरवतो. मी आता कामात चेहरे आणि मोठे सॉलिड (एकाच रंगाचे सलग भरलेले भाग) दोन्ही असले की पानांची मांडणी आधी मागवून घेतो. एवढं केलं की मशीनवर अर्धी भांडणं होतच नाहीत.

मशीनवरचा रंग ठरवायला प्रकाशही ठरलेला लागतो, ५००० केल्विनचा, त्यासाठी प्रेसमध्ये वेगळं टेबल असतं. साध्या पिवळ्या बल्बखाली पास केलेला करडा रंग बाहेर उन्हात हिरवट निघतो आणि मग गिऱ्हाईक म्हणतं बदलून दिलं. कोणी बदललेलं नसतं, प्रकाश बदललेला असतो. आणि मॅपलिथोसारख्या कोटिंग नसलेल्या कागदावर एक गोष्ट कायम लक्षात ठेवा, ओली शाई जेवढी तजेलदार दिसते तेवढी सुकल्यावर राहत नाही, कागद ती पिऊन घेतो आणि दुसऱ्या दिवशी रंग एक पायरी खाली बसलेला असतो. मशीनवरचा जुना माणूस हे धरूनच शाई सोडतो, नवा माणूस ओल्या शीटवर खूश होतो.

डिजिटलचं उलट आहे. तिथे किल्ल्या फिरवणारं कोणी नाही, मशीन सकाळी कॅलिब्रेट केलं असेल (म्हणजे रंग मोजून ठरलेल्या आकड्याला जुळवला असेल) तर पहिल्या शीटपासून ठीकठाक रंग, रजिस्ट्रेशनची कटकट जवळपास शून्य, सुकायची वाट नाही. कोटेड कागदावर फोटो तर आजकाल इतका छान येतो की सामान्य माणसाला फरक सांगता येणार नाही, मी स्वतः भिंग लावल्याशिवाय पैज लावणार नाही. भिंगाखाली मात्र लपत नाही. १० पट भिंगातून ऑफसेटचा फोटो बघितला की चार रंगांचे ठिपके वेगवेगळ्या कोनांत बसून छोटी छोटी फुलं झालेली दिसतात, कडा स्वच्छ, आणि टोनरमध्ये अक्षरांच्या कडेला बारीक धुळीसारखे कण सांडलेले दिसतात. कोरड्या टोनरचा कण साधारण ५ ते ८ मायक्रॉनचा, इंडिगोच्या पातळ शाईतला १-२ मायक्रॉनचा, त्यामुळे इंडिगोचं काम जवळपास ऑफसेटसारखं दिसतं आणि कागदाचा पोतही वरून जाणवत राहतो. टोनर कागदावर थर देऊन बसतो, तिरकं धरलं की छापलेला भाग चमकतो आणि न छापलेला मॅट राहतो. काहींना ती चमक आवडते. मला मॅट कागदावर अजिबात आवडत नाही, पैसे मॅटचे भरायचे आणि फोटो चकाकणार!

डिजिटल अडकतं ते मोठ्या सपाट रंगात. पूर्ण पान गडद निळं किंवा मधला करडा असलं की बारीक पट्ट्या दिसू शकतात, ८-१० टक्क्यांचा अगदी फिकट टिंट (ठिपक्यांनी हलका केलेला रंग) दाणेदार येतो, आणि एका रंगातून दुसऱ्यात विरघळत जाणारा लांब ग्रेडियंट पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. फोटोत हे सगळं झाकलं जातं, सपाट डिझाइनमध्ये उघडं पडतं. म्हणून मिनिमल, मोकळं, एकाच रंगाचं डिझाइन हे डिजिटलला सोपं वाटतं पण तेच सगळ्यात अवघड. शिवाय लांब रनमध्ये रंग हळूहळू सरकतो, पहिल्या गठ्ठ्यातला शीट आणि शेवटच्या गठ्ठ्यातला शीट शेजारी ठेवा, कळेल. ऑफसेटमध्येही सरकतो, फक्त तिथे तो पकडायला एक माणूस पगारावर उभा असतो.

लोगोचा ठरलेला रंग असेल तर हा मुद्दा अजून टोकदार होतो. पँटोनची, म्हणजे नंबर दिलेल्या ठरलेल्या रंगांची पद्धत १९६३ पासून आहे आणि तिच्यातले भरपूर रंग चार शायांच्या मिश्रणात येतच नाहीत, भडक नारिंगी ऑरेंज ०२१ घ्या किंवा रिफ्लेक्स ब्लू घ्या. ऑफसेटमध्ये पाचवी शाई म्हणून तोच रंग डब्यातून मिसळून लावता येतो, स्पेशल कलर. (रिफ्लेक्स ब्लू सुकायला मात्र कुप्रसिद्ध आहे, घाईच्या कामात तो घेऊच नका, बोटाला लागत राहतो.) डिजिटलमध्ये तो चार रंगांतून जमेल तेवढा जवळ आणतात. काही मशीनला जादा रंगासाठी वेगळं स्टेशन असतं, पांढरा, सोनेरी, चंदेरी, निऑन गुलाबी वगैरे, ते काळ्या किंवा क्राफ्ट कागदावर फार सुंदर दिसतं आणि थोड्या कॉप्यांसाठी ऑफसेटमध्ये परवडण्याचा प्रश्नच नसतो, तिथे डिजिटलला पैकीच्या पैकी. पण कंपनीचा नारिंगी म्हणजे नारिंगीच असं म्हणणारं गिऱ्हाईक असेल तर ऑफसेटला जा आणि शेडकार्डची चिठ्ठी जॉबकार्डला पिन करून द्या.

आता घडी. माझा डिजिटलवरचा सगळ्यात मोठा राग इथला आहे. एका ठिकाणी, नाव घेत नाही, तीन घड्यांचं ब्रोशर केलं होतं, बाहेरून पूर्ण गडद निळा सॉलिड, जाड आर्ट कागद, छपाई बघून जीव खूश, आणि घड्या घातल्या तशी प्रत्येक घडीवर एक पांढरी दातेरी रेघ. टोनर कागदात मुरत नाही, तो उष्णतेने वितळून वर चिकटवलेला प्लास्टिकचा थर असतो, कागद वाकला की तो थर तडकतो. त्यांनी क्रीझिंग (घडीच्या जागी आधी दाबून खाच पाडणं) न करताच घडी घातली होती आणि वर कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, घडीला आडवा. बोललो तर म्हणे "डिजिटलमध्ये एवढं तर होणारच साहेब". का होणारच? १७० जीएसएमच्या (कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) आसपास आणि पुढे गेलं की कुठल्याही कोटेड कागदाला आधी क्रीझ मारायची, ग्रेन घडीला समांतर ठेवायचा, आणि घडीवर सॉलिड असेल तर लॅमिनेशन करायचं, हे ऑफसेटलाही लागू आहे, डिजिटलला दुप्पट लागू आहे. ऑर्डर देताना "एक शीट छापा, क्रीझ मारा, घडी घालून दाखवा" एवढं म्हणा. डिजिटलमध्ये एक शीट छापायला काही लागत नाही, तोच तर त्याचा फायदा. घडी उघडून बोटाच्या नखाने दोनदा घासा, पांढरं दिसलं तर तिथेच थांबवा.

लॅमिनेशनचंही बघून घ्या. कोरड्या टोनरच्या मशीनमध्ये टोनर पक्का करायच्या रोलरवर काही वेळा सिलिकॉन तेल असतं, ते शीटवर राहिलं की साधी फिल्म नीट धरत नाही, गडद भागात चंदेरी बुडबुडे दिसतात किंवा काही दिवसांनी कडेने सुटते. डिजिटलसाठी वेगळी जास्त चिकट फिल्म मिळते, प्रेसवाल्याला माहीत असतं, विचारलं नाही तर साधीच लावतो.

लेटरहेड हा असा प्रकार आहे की तिथे मी कॉप्या किती हे विचारतही नाही. लेटरहेड पुढे लेझर प्रिंटरमध्ये जाणार, आणि लेझर प्रिंटरचा फ्युझर (टोनर वितळवून चिकटवणारा गरम रोलर) २०० डिग्री सेल्सिअसच्या आसपास तापतो. टोनरने छापलेला लोगो त्यात पुन्हा मऊ होऊ शकतो, रोलरला चिकटतो आणि पुढच्या पानावर भुतासारखा उमटतो. ऑफिसमधले लोक मग प्रिंटरवाल्याला बोलावतात. तेव्हा लेटरहेड ऑफसेटला, आणि तिथेही लेझरमधून जाणार आहे हे आधी सांगायचं, उष्णता सोसणारी शाई लावतात आणि पूर्ण सुकवून देतात. तीच गोष्ट हाताने भरायच्या फॉर्मची आणि रिकाम्या जागा असलेल्या सर्टिफिकेटची. टोनरच्या रंगीत टिंटवर बॉलपेन घसरतं, शाईपेन तर पसरतंच. लिहायची जागा पूर्ण कोरी पांढरी ठेवली तर डिजिटलही चालतं.

उलट प्रत्येक कॉपीवर वेगळं नाव, वेगळा नंबर, वेगळा क्यूआर कोड असेल तर ऑफसेटचा विचारच करू नका, प्लेट एकदा बनली की बनली, तिच्यावर दर शीटला नाव बदलता येत नाही. पण यात एक मधला रस्ता आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. सर्टिफिकेटची रंगीत चौकट, लोगो, सोनेरी रंग हे सगळं एकदाच भरपूर संख्येत ऑफसेटवर छापून गठ्ठे ठेवायचे, आणि लागतील तशी नावं डिजिटलवर काळ्यात मारायची. रंग सगळ्यांवर एकसारखा, नावं हवी तेव्हा, आणि दर वेळी कलर क्लिकचे पैसे नाहीत. फक्त दोन गोष्टी, शाई उष्णता सोसणारी हवी (पुन्हा तेच), आणि आधी छापलेल्या शीटची एक कोपऱ्याची बाजू पक्की ठरवून त्यावर खूण करून ठेवायची, नाहीतर नावं चौकटीत दोन मिलिमीटर इकडे तिकडे पळतात.

फ्रंट-बॅक जुळणीही बघा. टोनर मशीनमध्ये पहिली बाजू तापून निघते, कागदातला ओलावा उडतो, शीट किंचित आकसतो आणि मग दुसरी बाजू छापली जाते. अर्धा-एक मिलिमीटर फरक पडणं अगदी सहज आहे. ब्रोशरमध्ये कोणाला दिसत नाही पण कडेला बारीक चौकट दिलेलं कार्ड असेल तर एका बाजूची चौकट तिरकी दिसणार, मग चौकटच काढून टाका, मी तेच करतो. बारीक काळी अक्षरं मात्र दोन्हीकडे फक्त काळ्यातच ठेवा, १०० टक्के ब्लॅक. चार रंगांतून बनलेली ७ पॉइंटची अक्षरं ऑफसेटमध्ये जरा रजिस्ट्रेशन हललं की रंगीत सावली घेऊन उभी राहतात, आणि सगळे म्हणतात छपाई वाईट, फाइल कोणी उघडून बघत नाही.

वेळेच्या बाबतीत मला लोकांचं थोडं नवल वाटतं. ऑफसेट हळू आहे असं समजतात. छापताना तो कुठल्या कुठे पुढे आहे, चांगलं शीटफेड मशीन तासाला १५ ते १८ हजार शीट काढतं, भारी टोनर मशीन मिनिटाला १२० ए४ पानांच्या आसपास. उशीर होतो तो प्लेट, मशीन मोकळं होणं आणि सुकणं यात. साधी शाई हवेने सुकते, लगेच पाठीमागची बाजू छापली किंवा कटिंगला घेतलं तर शाई एका शीटवरून दुसऱ्याच्या पाठीवर उमटते, म्हणून वर बारीक स्टार्चची पावडर मारतात आणि गठ्ठा ठेवून देतात. गडद सॉलिड असेल तर एक रात्र तरी जाऊ द्या. यूव्ही दिव्याखाली लगेच सुकणाऱ्या शाईचं मशीन असेल तर हा प्रश्न नाही. "आज संध्याकाळपर्यंत हवं" असेल तर अर्थात डिजिटल, यावर काय बोलणार.

प्रूफबद्दल, म्हणजे छापायच्या आधी पास करायच्या नमुन्याबद्दल, एकच गोष्ट पण महत्त्वाची. ऑफसेट कामाचं प्रूफ म्हणून बऱ्याच ठिकाणी डिजिटल टोनरचं प्रिंट हातात देतात. ते मजकूर, पानांचा क्रम, घडी बघायला ठीक, रंग बघायला नाही. रंगासाठी कॅलिब्रेट केलेल्या इंकजेटचं प्रूफ मागा, त्यावर खाली एक रंगपट्टी आणि कुठल्या स्टँडर्डला जुळवलंय ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ कोटेड कागदासाठी फोग्रा३९ किंवा फोग्रा५१. असं प्रूफ असलं की मशीनवरचं बोलणं "मला वाटतं", "आम्हाला वाटतं" यावर न राहता समोरच्या कागदावर येतं. डिजिटल कामात तर प्रूफची भानगडच नाही, त्याच मशीनवर त्याच कागदावर पहिली कॉपी काढा, पसंत पडली की पुढे चला, ऑफसेटकडे याला उत्तर नाही.

पुन्हा छापायचं काम असेल, म्हणजे पॅकिंग, सिरीजची पुस्तकं, कॅटलॉगच्या आवृत्त्या, तर पास केलेल्या शीटच्या दोन-तीन कॉप्या न कापता, सही आणि तारीख टाकून, कागदाचं नाव लिहून, अंधाऱ्या कपाटात ठेवा. पुढच्या वेळी फाइल न पाठवता तो शीट मशीनवर घेऊन जा. चांगला ऑफसेट प्रेस त्याला रंग जुळवून देतो, डिजिटलवाल्याने मधल्या काळात मशीन बदललं असेल तर तुमच्या शीटचा त्याला फारसा उपयोग नाही.

गुण द्यायचे तर डिजिटलला ५ पैकी ४ देतो, घडी आणि सपाट सॉलिड यासाठी एक कापला. ऑफसेटलाही ४ च, कारण ऑफसेटचा निकाल मशीनपेक्षा मशीनवाल्यावर ठरतो आणि तो तुम्हाला कोटेशनमध्ये दिसत नाही. तेव्हा पहिल्या भेटीत भाव विचारायच्या आधी त्यांनी या महिन्यात छापलेलं काहीतरी मागून बघा, त्यात एखादा मोठा करडा भाग शोधा, सायन, मॅजेंटा आणि यलो या तिघांतून बनलेला करडा जर पानोपानी सारखाच करडा राहिला असेल तर माणूस चांगला आहे.

राहिला तो गँग प्रकार, जिथे बऱ्याच गिऱ्हाइकांची कामं एकाच ऑफसेट शीटवर लावतात आणि सेटअपचा खर्च वाटून जातो. भाव बघून डोळे फिरतात, डिजिटलपेक्षाही स्वस्त. एका अशा सर्व्हिसकडून (नाव नको) आलेल्या पत्रकात करडा बॅकग्राउंड सरळ हिरवट आला, तक्रार केली तर उत्तर आलं की टर्म्समध्ये रंगाची हमी नाही असं लिहिलंय. वाचलं तर खरंच लिहिलं होतं. वर सांगितलेल्या किल्ल्यांच्या पट्ट्या आठवा, तुमच्या वरच्या रांगेत कोणाचा तरी हिरवागार पोस्टर असणार आणि मशीनवाला दोघांना खूश करू शकत नाही. फोटो भरलेली, रंगीबेरंगी, वाटून संपणारी पत्रकं असतील तर बिनधास्त गँगला द्या, पैसे वाचतात. सपाट करडा, बेज, फिकट टिंट किंवा ठरलेला लोगो कलर असेल तर देऊ नका, आणि द्यायचंच झालं तर करडा तीन रंगांतून न बनवता नुसत्या काळ्याचा टिंट टाका, मग शेजारी कोणाचंही काम असलं तरी तो जास्तीत जास्त गडद किंवा फिकट होईल, हिरवा होणार नाही.